वाटेवरचा चुना

हिल्कीया भावजींचं काम वर्षातून एकदाच निघायचं. पाऊस ओसरला, वल्हांडणाच्या सणाआधीचा अदार महिना अर्ध्यावर आला, की ते भट्टीवरून चुना आणायचे, मडक्यात भिजवायचे आणि गावाभोवतीच्या कबरींवर ओतून यायचे. गेल्या वर्षीची खूण हिवाळ्याच्या पावसाने धुऊन नेलेली असायची. पांढरं दिसलं की माणूस बाजूने जातो. कबरीवर पाय पडत नाही, सात दिवसांचा विटाळ टळतो, आणि वल्हांडणाला यरुशलेमला शुद्ध अंगाने जाता येतं. एवढ्यासाठी तो खटाटोप. बाकी वर्षभर ते आपले मळ्यांचे बांध घालणारे, शेळ्या राखणारे, चारचौघांसारखे गृहस्थ.

दुसऱ्यांना विटाळ होऊ नये म्हणून ते स्वतः मात्र दरवर्षी तो ओढवून घेत. काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा सातव्या दिवशी गावातले जाणते योएझर आजोबा त्यांच्यावर राखेचं पाणी शिंपडत. राख तांबड्या कालवडीची, यरुशलेमहून आणलेली. ती झऱ्याच्या पाण्यात कालवून दगडी भांड्यात ठेवलेली असे. त्यात एजोब झुडपाच्या काड्यांची जुडी बुडवायची आणि अंगावर झटकायची. मग गावच्या कुंडात डुबकी, आणि सूर्य मावळला की माणूस मोकळा. माझे यजमान होते तोवर चुन्याचं मडकं तेच धरत. दोघे मिळून शिंतोडे घ्यायचे, मिळून डुबकी मारायचे आणि दात वाजवत परत यायचे. "तुझ्या मेलेल्यांपेक्षा मीच जास्त गार पडलोय," असं यजमान म्हणायचे. ते गेले, आणि भावजी मडकं एकटेच वाहू लागले.

आमची दोन घरं एकाच अंगणात. गावाच्या अगदी टोकाला, मागे कडा. सगळ्या गावाला बाहेर पडायला एकच वाट: एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला योएझर आजोबांच्या मळ्याचा बांध. त्या वाटेने गेलं की कुंड, पुढे खळं, आणि खळ्याला लागून हेब्रोनकडून येणारा रस्ता. कुणी आमच्याकडे येणार म्हणजे त्या वाटेनेच येणार.

आणि त्याच वाटेवर, मधल्या वळणाला, एक कबर होती. आजोबा-पणजोबांच्या काळात कुणी परका माणूस चालता चालता तिथे पडला होता. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. ज्याला कुणी नाही तो जिथे पडला तिथेच पुरायचा, ती जागा त्याची, असा आमचा रिवाज. तसा पुरला. तेव्हापासून वाटच त्याला वळसा घालून गेली. तिथे एक अंजीर होता, एक उभा दगड होता, आणि अदारात भावजींचा चुना.

भावजींना एकच मुलगी, शप्पीरा. ती दिली होती हेब्रोनपलीकडे, याजकाच्या घरी. याजकाने प्रेताजवळ जायचं नाही, कबरीवरून पाऊल टाकायचं नाही. आणि सासरा कोण, तर कबरींवर चुना ओतणारा. लग्नात याची पुष्कळ थट्टा झाली. पण जावई पिन्हास भला माणूस. तो दरवर्षी सणाला यरुशलेमला जाताना बायकोला घेऊन सासऱ्याकडे मुक्काम करी. वळणावर आला की पांढऱ्या खुणेकडे बघून म्हणे, "मामंजींनी माझ्यासाठी वाट धुऊन ठेवलीय."

शप्पीराला बरीच वर्षं मूल नव्हतं. मग त्या हिवाळ्यात एक तेल विकणारा निरोप घेऊन आला: मुलगी झाली, नाव शलोमझियोन ठेवलं, मूल नाजूक आहे, खोकतं, पण सणाला निघू तेव्हा आणतो. भावजींनी तो निरोप त्याला तीनदा सांगायला लावला. मग माझ्या दाराशी येऊन चौथ्यांदा स्वतः सांगितला.

"वहिनी, मूल धरताना मान कुठून धरायची हो? विसरलोय मी."

"डोक्याखाली हात घाला म्हणजे झालं. शेळीचं करडू नाही का धरत?"

"करडू चार पायांनी सावरतं. हिला अजून काही येत नसेल."

इथवर सगळं मला स्वच्छ आठवतं. यापुढचं मी कितीदा मनात बांधासारखं रचून पाहिलं, दरवेळी एखादा दगड उरतोच.

त्याच हिवाळ्यात तीन दिवस पाऊस कोसळला आणि मळ्याचा बांध वळणावर ढासळला. अंजीर मुळासकट पडला, उभा दगड घरंगळत कुठे गेला कळलं नाही. भावजी तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेले. वाट बंद, कुंडावर जायची पंचाईत, म्हणून गावाने लगोलग बांध घातला. घालताना सरळ घातला. वळसा कशासाठी होता याचा विचार करायला त्या चिखलात कुणाला फुरसत होती? भावजी उठले, काठी टेकत बाहेर आले, आणि बघतात तो वळणच नाही.

"कबर कुठे गेली?" त्यांनी मला विचारलं, जसं काही मी ती उचलून घरात ठेवली होती.

आता ती कबर वाटेखाली होती, की नव्या बांधाखाली, की बांधापलीकडे मळ्यात, हे कुणालाच सांगता येईना. भावजींना आठवे की अंजिरापासून काठीभर अंतरावर, खडकाच्या बाजूला. योएझर आजोबा म्हणाले, खडकाच्या नाही, मळ्याच्या बाजूला. मला आठवत होतं की यजमान चुना ओतायचे ते अंजिराकडे पाठ करून. पण अंजिराकडे पाठ करून माणूस दोन्हीकडे तोंड करू शकतो. आणि अंजीर तरी नेमका कुठे होता? तो खड्डा बुजवलेला.

भावजी गुडघ्यांवर बसले. वाटेवर वाकून फुंकर मारत धूळ बाजूला करत पुढे सरकू लागले. नांगरलेल्या शेतात कबर हरवली तर आमच्याकडे अशीच शोधतात. हाडाचा तुकडा असला तर दिसतो. कुंडावरून घागर घेऊन येणारी कुंभारीण ताबिथा थांबून बघत राहिली.

"काय हो, चूल पेटत नाहीये का वाटेची?"

"ताबिथा, पाय जपून टाक."

"पाय जपून टाकायला मी उडू का? याच वाटेने पाणी नेतेय रोज."

हाड काही सापडलं नाही. पण पुरलेला माणूस धुळीत थोडाच असतो. अदार अर्ध्यावर आला, आणि एका सकाळी मी उठून बघते तर भावजींनी वळणावर खडकापासून बांधापर्यंत, वाटेच्या सगळ्या रुंदीवर चुना ओतला होता. बांधावरही. आणि बांधापलीकडे मळ्यातल्या वेलींपर्यंत.

गाव गोळा झालं. योएझर आजोबा काठी आपटत आले.

"हिल्क्या, तुला कबरी रंगवायला सांगितल्या की गाव?"

"इथे आहे, आजोबा. नक्की आहे. कुठे ते नक्की नाही."

"अरे, ही वाट सगळ्यांची आहे. सगळ्यांच्या जागेतली शंका शुद्धच धरायची, हे तुला मी सांगायला हवं? तू खूण केली नसतीस तर कुणाला काहीच झालं नसतं."

"मग तो खाली नसता?"

आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "खाली असता. पण शंकेत असता."

"मी चुना कशासाठी ओततो मग?"

"तेच तर अख्खं गाव विचारतंय!" ताबिथा म्हणाली. लोक हसले. आजोबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की वाट शुद्ध आहे, खुशाल चाला. लोक चुन्यावरून चालत कुंडावर जाऊ लागले. सुरुवातीला टाचा उचलून, मग नेहमीसारखे.

पण गावाचं गावापाशी. याजकाची गोष्ट वेगळी. पांढरं दिसलं की याजक थांबतो, मग शंका सगळ्यांची असो की एकाची. मी भावजींना अंगणात गाठलं.

"खूण ठेवलीत तर पिन्हास या बाजूला येणार नाही. शप्पीरा आली तर तिलाही विटाळ होईल, तिचा सण जाईल. नात अंगणात यायची नाही, भावजी."

"ठाऊक आहे."

"मग पुसा की. आजोबा म्हणतात शुद्ध आहे."

ते शेळीच्या गळ्याखाली खाजवत राहिले. "वहिनी, इतकी वर्षं मी कुणाकुणासाठी खुणा केल्या. घरचा माणूस यायचा म्हणून पुसू? तो बिचारा माझ्या चुन्यावर विश्वास ठेवून पाय टाकतो."

पण त्यांनी तोड काढली होती. नात वाटेच्या अलीकडे येऊ शकत नाही, तर आपणच पलीकडे जायचं. खळ्याशेजारी राखणदाराची खोप होती. तिथे राहायचं, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी शिंतोडे घ्यायचे, कुंडात डुबकी मारायची, आणि मग पाहुणे निघेपर्यंत घराकडे फिरकायचंच नाही. म्हणजे अंग शुद्ध, आणि मूल मांडीवर घेता येईल.

"आणि नसतं शुद्ध, तरी धरलंत तर?" मी विचारलं. "संध्याकाळपर्यंतचा तर विटाळ तिला."

"संध्याकाळपर्यंतचा, आणि त्याआधी डुबकी. वहिनी, कुंडाचं पाणी बघितलंत? दगड फुटेल इतकं गार. याजकाचं घर ते, तिला बुडवल्याशिवाय राहायचे नाहीत. खोकणारं पोर आहे."

असा त्यांचा हिशेब होता, आणि तो सरळ होता. ते खोपीत राहायला गेले. मी जवाची भाकरी, ऑलिव्ह, कधी मसुराची आमटी घेऊन जाई. दगडी वाडग्यात नेई, कारण दगडाला विटाळ चिकटत नाही, आणि खोपीबाहेर खाली ठेवून बाजूला होई. मी त्या वाटेने आलेली. गावाच्या लेखी मी शुद्ध होते. भावजींच्या लेखी काय होते, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी योएझर आजोबांनी शिंतोडे मारले. सगळं ठीक चाललं होतं.

मग मधल्या एका सकाळी मी दार उघडलं, आणि भावजी अंगणात शेळीला पाणी पाजत होते.

"भावजी!"

"काय झालं? शेळीला कुणी पाणीच घातलं नाहीये, वहिनी. जीभ बाहेर आलीय बिचारीची."

"तुम्ही इथे कसे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेळीकडे, मग हातातल्या पखालीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी पाहिला. तापापासून त्यांचं असं व्हायचं, हातातलं एकदम निसटायचं. पण हे सगळ्यांत मोठं.

"कुठून आलात? वाटेने की बांधावरून?"

"चालत आलो."

"ते दिसतंय. पण कुठून?"

ते खाली बसले आणि त्यांनी तळपाय उलटे करून बघितले. पांढरे होते. मला वाटलं, लागला पत्ता. पण ते म्हणाले, "अदारात माझे पाय पांढरेच असतात, वहिनी." बोटांच्या मधे मळ्यातली लाल मातीही होती. पण ती खळ्यावरचीही असू शकते. दोघांनी मिळून ते पाय कितीतरी वेळ बघितले. पायांनी काहीच सांगितलं नाही.

मी योएझर आजोबांना बोलावून आणलं. त्यांनी ऐकलं, दाढी ओढली.

"वाटेने आलास. वाटेवरची शंका शुद्ध. झालं. परत जा खोपीत, सातव्या दिवशी येतो."

"आणि मळ्यातून आलो असेन तर?"

"मळ्यातून नाही आलास."

"मळा तुमचा एकट्याचा. एकट्याच्या जागेतली शंका अशुद्ध धरतात."

"मला शिकवू नकोस. मळ्यातून नाही आलास."

"तुम्ही पाहिलंत का?"

"पाहिलं नाही म्हणून तर सांगतोय, मूर्खा! पाहिलं असतं तर गप्प बसलो असतो."

पुन्हा पहिल्यापासून सात दिवस मोजायला वेळच नव्हता. पाहुणे त्याआधी यायचे होते. शिवाय परत जायचं तेही त्याच वाटेने. आजोबा त्यांना हाताला धरून घेऊन गेले. वळणावर दोघे क्षणभर थांबलेले मला दिसले. भावजी बांधाकडे बघत होते आणि खडकाकडे बघत होते. आजोबांनी त्यांना ओढलं.

सातव्या दिवशी शिंतोडे झाले. मी कुंडाच्या वर उभी होते, कोरडं वस्त्र घेऊन, पाठ वळवून. आमच्या कुंडाच्या पायऱ्या मधे कठडा घालून दोन भागांत केल्या आहेत. एका बाजूने अशुद्ध माणूस उतरतो, दुसऱ्या बाजूने शुद्ध होऊन चढतो. पाण्याचा आवाज झाला. मग पायऱ्यांवर ओल्या पावलांचा. मग पुन्हा पाण्याचा.

"काय झालं हो?" मी न वळता विचारलं.

"उतरायच्या बाजूने चढलो बहुतेक."

"मग?"

"परत मारली डुबकी." दात वाजत होते. "वहिनी, उतरायची बाजू डावी ना?"

"उतरताना उजवी."

"आणि चढताना?"

"चढताना... थांबा हं." मी उभ्या जागी हातांनी करून पाहिलं. इतक्या वर्षांत या कुंडात किती वेळा उतरले असेन, पाय आपोआप जायचे. आता विचारल्यावर मलाही सांगता येईना. तोवर तिसऱ्यांदा पाण्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पाहुणे आले. मी खळ्यावर गेले होते. पिन्हास गाढव धरून पुढे, शप्पीरा मागे, छातीशी गुंडाळलेलं बाळ. पिन्हासने वाटेकडे नजर टाकली आणि पाय रोवले.

"मामंजी, हे काय? सगळी वाट पांढरी?"

"कबर हरवली, जावईबापू. इथपर्यंतच या."

"हरवली? तुमच्याकडून?" त्याला हसू आलं, पण सासऱ्याचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "बरं केलंत ओतलात ते. माझा पाय पडला असता."

शप्पीरा पुढे धावली. "बाबा, किती वाळलात! घ्या, बघा तुमची नात. धरा."

तिने बाळ पुढे केलं. ते कपड्यातून खोकलं, लहानसं, मांजराच्या शिंकेएवढं. भावजींचे हात पुढे आले. डोक्याखाली घालायचा तळवा उघडलेला, मी शिकवला होता तसा. आणि तिथेच थांबले.

"बाबा?"

"शप्पू, मी मधे घरी गेलो होतो. कुठून गेलो ते मला ठाऊक नाही."

पिन्हासने माझ्याकडे पाहिलं. मी योएझर आजोबांचा निवाडा सांगितला, वाट सगळ्यांची, शंका शुद्ध. पिन्हासने ऐकून मान हलवली. "आजोबा म्हणतात तर शुद्धच. धरा, मामंजी. आणि समजा काही असलं, तर एक डुबकी आणि संध्याकाळ. आम्ही एक दिवस थांबू."

"डुबकी," भावजी म्हणाले. त्यांनी कुंडाकडे बघितलं.

"बाबा, धरा ना. इतक्या लांबून आणलीय." शप्पीरा बाळ तसंच पुढे धरून राहिली.

भावजींनी हात मागे घेऊन पाठीशी बांधले. एक पाऊल जवळ आले. इतके जवळ, की मला वाटलं आता धरणार. मग ते वाकले आणि बाळाच्या कपाळावर हलकेच फुंकर मारली. गुडघ्यांवर बसून धूळ उडवायचे तशीच, पण किती सावकाश. बाळाच्या पापण्यांचे केस हलले. त्याने डोळे मिटले, उघडले. भावजींनी पुन्हा फुंकर मारली, आणि ती हसली. शप्पीरा म्हणाली, ती पहिल्यांदाच अशी हसली. आया असं म्हणतातच, पण मी तरी ते खरं मानलं.

"वाऱ्याला विटाळ नसतो ना, जावईबापू?"

"नसतो, मामंजी."

दुपारपर्यंत ते तसेच उभे होते, हात मागे. फुंकर मारायचे, ती हसायची. पाहुण्यांनी खळ्यावरच भाकरी आणि अंजीर खाल्ले आणि पुढे निघाले. गाढव नजरेआड झाल्यावर भावजी वळले आणि चुन्यावरून चालत घरी आले. वळणावर त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. शेळीला पाणी पाजलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. वल्हांडणाहून परत येताना पाहुणे थांबले होते का, मूल तेव्हा त्यांनी धरलं का, असं लोक विचारतात. नाही. परतताना ते दुसऱ्या रस्त्याने गेले, बाळाचा खोकला वाढला होता.

कबर अजून सापडलेली नाही. गाव त्या वाटेने पाणी नेतं. मी खडकाला अंग घासून जाते. मग मनात येतं, यजमान त्याच बाजूला तोंड करून उभे असायचे का, आणि मी बांधाकडे सरकते. अर्ध्या वाटेत पुन्हा खडकाकडे.

शप्पीरा अजून येते. शलोमझियोन आता तिच्या खांद्याला लागते. दोघी खळ्यावर थांबतात, मी भाकरी घेऊन जाते. दर वर्षी शप्पीरा विचारते, "काकू, बाबा त्या दिवशी शुद्ध होते ना?"

"योएझर आजोबा म्हणाले, होते."

"मग धरलं का नाही?"

"पाणी गार होतं," मी सांगते. दुसरं मला काही नक्की ठाऊक नाही.